भावोजींचा कबुलीजबाब: ठाणे-डोंबिवलीचा एक अभ्यासदौरा

परिषदेहून परतलं की कॉलेजला अहवाल द्यावा लागतो. तो मी दिला. त्यात "अत्यंत उद्बोधक", "विचारांची देवाणघेवाण" वगैरे सगळं आहे, आणि प्राचार्यांनी न वाचता सही केली आहे. खाली लिहिलंय ते त्या अहवालात नाही.

मी सांगलीला मानसशास्त्र शिकवते. त्यातही गुन्हेगारी मानसशास्त्र. साक्षीदार काय बघतो, आरोपी काय कबूल करतो, आणि माणसाची आठवण किती बिनभरवशाची असते, असला सगळा मामला. आमच्या नातेवाइकांनी त्याचा अर्थ "वसुधाला चोर ओळखता येतो" एवढाच लावलेला आहे. लग्नात कुणाची चप्पल गेली की पंगतीतून मला उठवून आणतात.

ठाण्याला घोडबंदर रोडवर परिषद होती: "कायदा आणि गुन्हेगारी मानसशास्त्र: संशोधनातले नवे प्रवाह". उतरायला डोंबिवलीला माझी आतेबहीण, सुमनताई. नकाशात डोंबिवली आणि घोडबंदर रोड शेजारी-शेजारी दिसतात. नकाशा काढणाऱ्यानं तिथून कधी रिक्षा केलेली नसावी.

डोंबिवली, गुरुवार

सुमनताईच्या दारात पाय ठेवला आणि दोन गोष्टी जाणवल्या. एक, एमआयडीसीचा वास. दुसरी, भावोजी गप्प आहेत. सुमनताईचे यजमान अनंतराव म्हणजे सत्तरी ओलांडलेले, जन्मभर तिथल्याच एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट. एरवी मी आले की खिडकीशी उभे राहून हवा हुंगतात आणि "आज पिवळा चाललाय" असं हवामान खात्याच्या थाटात सांगतात. या वेळी नुसतं "ये" म्हणाले आणि आत निघून गेले.

"काय झालंय गं?" मी विचारलं.

"तू आधी जेव," ताई म्हणाली आणि पोळीभाजी केंद्रातून आणलेल्या पोळ्यांचं पुडकं तिनं सोडलं. डोंबिवलीत पोळ्या घरी लाटणं हा आता छंद समजतात. आमच्याकडं पाहुण्याला विकतची भाकरी वाढली तर पाहुणा काही बोलणार नाही, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला कळलेलं असेल. पोळ्या मात्र मऊसूत होत्या, खोटं कशाला बोलू?

जेवताना सगळं बाहेर आलं. सोसायटीचे चेअरमन सामंत यांनी नवी पांढरी गाडी घेतली. तिच्यावर ओरखडा उठला, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. कॅमेऱ्याचं चित्रण काढलं, तर गाडीशेजारी भावोजी जरा वेळ उभे दिसतात आणि मग चालायला लागतात. ते चित्रण मी ताईच्या फोनवर पाहिलं. दिसते ती नुसती पाठ. हात दिसत नाहीत, गाडीची ती बाजूही धड दिसत नाही. पाठीवरून गुन्हा सिद्ध करायची पद्धत आमच्या शास्त्रात अजून आलेली नाही, पण डोंबिवली नेहमीच चार पावलं पुढं असते.

शिवाय कारणही तयार होतं. भावोजींची स्कूटर जिथं वर्षानुवर्षं उभी राहायची, तिथं सामंतांची गाडी लागायला लागली. तेव्हा भर मीटिंगमध्ये भावोजी म्हणाले होते, "गाडी घेतलीत, जमीन नाही घेतलीत." झालं. सोसायटीच्या ग्रुपवर आधी चित्रण पडलं. मग कुणीतरी लिहिलं, "हे अनंतकाका ना?" त्यानंतर एकेकाला आठवायला लागलं. काकांना रागारागानं जिना उतरताना एकानं पाहिलं होतं. दुसरीनं तर करकर आवाजही ऐकला होता. आणि ही बाई तिसऱ्या मजल्यावर राहते, मागच्या बाजूला!

"भांडायला आले का कुणी?" मी विचारलं.

"छे गं! भांडले असते तर बरं झालं असतं. एकेक जण येतो, सोफ्यावर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, काका, होतं असं या वयात. तुम्ही फक्त हो म्हणा, विषय संपवून टाकू. काल एकीनं अळूवड्या आणल्या."

पोलिसांची उलटतपासणी परवडली. तिथं निदान समोरचा आपला शत्रू आहे हे ठाऊक असतं. अळूवडी देणाऱ्याला माणूस नाही कसा म्हणणार?

संध्याकाळी मी गॅलरीत बसून भावोजींना माझा निबंध वाचून दाखवला, जरा मन रमेल म्हणून. विषय होता खोट्या कबुल्या. न केलेला गुन्हा माणूस का कबूल करतो, आणि नुसत्या प्रश्नांनी त्याच्या डोक्यात नसलेली आठवण कशी घालता येते. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "वसुधा, तू यातली माणूस. मला एवढंच सांग. मी केलंय का?"

"तुम्हाला काय आठवतं?"

"काहीच नाही. तिथं थांबलो होतो हेसुद्धा मला त्या व्हिडिओतच कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या दादाचंही असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू. शेवटी शेवटी बायकोला "आपण कोण?" असं विचारायचे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला ना सामंतांची भीती होती, ना रविवारच्या मीटिंगची. त्या मीटिंगमध्ये कबूल करा नाहीतर पोलिसांत तक्रार देतो, असा निरोप आलेला होता, तरी त्याचं त्यांना काही नव्हतं. आपलं डोकं आपलं राहिलंय की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. मला भरून आलं, आणि मी नको इतक्या जोरात म्हणाले, "काळजी करू नका, मी आहे ना!"

घोडबंदर रोड, शुक्रवार

घोडबंदर रोडवर इमारती उभ्या वाढतात आणि गाड्या आडव्या. तिथली माणसं राहतात चाळिसाव्या मजल्यावर आणि आयुष्य काढतात सिग्नलला. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, चालत गेलात तर आधी पोचाल," आणि मीटर चालूच ठेवून गाणी ऐकत बसला.

परिषद एका हॉटेलच्या बँक्वेटमध्ये होती. मी घाईघाईनं शिरले, अत्तर लावून घेतलं, पेढा खाल्ला, इडली-चटणी हाणली, आणि मग स्टेजवर दोन खुर्च्यांत नवरा-नवरी दिसली. परिषद खालच्या मजल्यावर होती. साखरपुड्यातल्या मुलीची आई मात्र मला जाऊ देईना. "मुलाकडच्या ना तुम्ही? सरबत घेतलंच पाहिजे." अख्ख्या दिवसात माझं इतकं स्वागत पुन्हा कुठं झालं नाही.

खाली नवे प्रवाह वाहत होते. सगळा ओघ एकाच दिशेला, यंत्राकडं. माणसाचं खोटं माणसाला ओळखता येत नाही, नाणं उडवलं तरी साधारण तेवढंच बरोबर येतं, हे आम्ही वर्गात शिकवतो. त्यावर या मंडळींनी काढलेला उपाय म्हणजे ते नाणं संगणकात टाकायचं. एका सुटाबुटातल्या डॉक्टरमहाशयांनी पापण्यांच्या फडफडीवरून खरंखोटं सांगणारं यंत्र आणलं होतं. प्रात्यक्षिकाला एका तरुण प्राध्यापिकेला बसवलं आणि नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं. यंत्र म्हणालं, खोटं.

सभागृहात खसखस पिकली. डॉक्टरमहाशयांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "आपलं नुकतंच लग्न झालं का?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. "बघा! नवं आडनाव अंतर्मनानं स्वीकारलेलं नाही. यंत्राला ते कळलं." टाळ्या! ती बिचारी खाली मान घालून जागेवर गेली. तिचा नवरा तिच्याच शेजारी बसलेला होता. त्या घरी पुढं काय झालं असेल, देव जाणे.

मग निबंध. "तरुणांमधील गुन्हेगारी प्रवृत्ती" असा भारदस्त मथळा आणि अभ्यासलेले तरुण कोण, तर वाचणाऱ्याच्याच वर्गातली दुसऱ्या वर्षाची पोरं, हजेरीच्या बदल्यात प्रश्नावली भरून दिलेली. कच्च्या कैद्यांबरोबर काम करणारी एक मुलगी तेवढी पोटतिडकीनं बोलत होती. "लोक कबूल का करतात माहितीये? त्यांना घरी जायचं असतं," एवढं ती म्हणाली आणि घंटा वाजली. यंत्रवाल्यांना घंटा नव्हती.

माझा निबंध जेवणाच्या तोंडावर आला. बाहेर गरम जिलेबी तळत होते, त्यामुळं समोर अध्यक्ष, माइकवाला आणि बाजूच्या खुर्चीवर बॅग ठेवून डुलक्या घेणारे एक वकील एवढाच श्रोतृवृंद. त्यांच्यापुढं मी ठणकावून सांगितलं की प्रश्न विचारणाऱ्यानं जिभेवर ताबा ठेवावा. "हातात काय होतं?" असं विचारलं की उत्तर देणारा काहीतरी हातात आणून ठेवतोच. आधी नुसतं "सांगा" म्हणावं आणि गप्प बसावं. अध्यक्ष म्हणाले, "फार सुंदर," आणि जिलेबीला गेले.

नौपाडा, शनिवार

दुसऱ्या दिवशी मी परिषदेला दांडी मारली आणि भावोजींना घेऊन ठाण्यात गेले. घरात बसून ते ग्रुप उघडायचे, बंद करायचे, परत उघडायचे. ताईच म्हणाली, "ने यांना कुठंतरी."

नौपाडा मला आवडला. चालता येतं. डॉक्टर, शिंपी, चष्मेवाला, क्लासची पाटी, सगळं एका हाकेवर, आणि माणसं एकमेकांना "काय म्हणता?" विचारून उत्तरासाठी थांबतात. आम्ही मिसळ खाल्ली. ठाणेकरांना या मिसळीच्या तिखटाचा भारी अभिमान. मी कोल्हापूरच्या शेजारची, नाकातून पाणीसुद्धा आलं नाही, पण भावोजी "हाऽ हू" करत दोन पियूष प्याले आणि बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणून मला हुरूप आला. तो यायला नको होता.

तलावपाळीला कठड्याशी बसलो. बोटी फिरत होत्या, आजोबांचे कंपू राजकारण निस्तरत होते. मी म्हटलं, "भावोजी, डोळे मिटा. आपण त्या संध्याकाळी परत जाऊ." याला आमच्यात रीतसर पद्धत आहे. माणसाला त्या जागी मनानं उभं करायचं आणि गप्प बसायचं. मी बसले की नाही? बसले, थोडा वेळ.

"मी भाजी घेऊन आलो," भावोजी म्हणाले. "फाटकातून आत आलो. उजेड कमी होता."

"मग?"

"मग काही नाही."

ते "काही नाही" मला सोसवेना. मला त्यांना मोकळं करायचं होतं, आणि मोकळं करायचं तर आठवण हवी. मी विचारलं, "हातात काय होतं?"

"पिशवी."

"आणि दुसऱ्या हातात?"

ते हळूच म्हणाले, "किल्ली असेल. घराची."

"कशी धरली होती?"

"अशी." त्यांनी बोटं मिटली, अंगठा पुढं आणला. "गाडी डाव्या हाताला होती. मी थांबलो. का बरं थांबलो?"

"राग आला होता का?"

"आला असेल. स्कूटरची जागा ना ती."

"वा! बघा, आठवतंय की तुम्हाला," मी म्हणाले. वा म्हणाले मी! वीस वर्षं पोरांना शिकवते की साक्षीदाराला शाबासकी देऊ नये. त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा इतका शांत दिसला, की मला वाटलं, जमलं. येताना त्यांनी ताईसाठी खरवस घेतला. मला बाई स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

पुन्हा डोंबिवली, रविवार

मीटिंग गच्चीवर होती. खुर्च्या, सतरंजी, बटाटेवडे. डोंबिवलीकर फाशी द्यायची झाली तरी आधी अल्पोपाहार ठेवतील. सामंत उठले. मूळचे बँकेतले, बोलणं मऊ. "हे बघा, पर्सनल काही नाही. अनंतराव आपले सीनियर मेंबर. आपल्याला फक्त क्लोजर हवंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम सायकॉलॉजीच्या एक्स्पर्ट आहेत. मॅडम, तुम्ही फक्त त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा."

"डोळ्यांत बघून मोतीबिंदू कळतो," मी म्हणाले. काही लोक हसले. मी ते चित्रण, ती पाठ, तो करकर आवाज ऐकणारी मागच्या बाजूची बाई, सगळ्याचा समाचार घेणार होते. मुद्देसूद तयारी करून आलेले. तेवढ्यात भावोजी उभे राहिले.

"मी केलंय," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. भाजीची पिशवी एका हातात. दुसऱ्या हातात घराची किल्ली, बोटांत मिटलेली, अंगठा पुढं. उजेड कमी. स्कूटरची जागा पाहून डोकं फिरलं. गाडी डाव्या हाताला होती, किल्ली टेकवली आणि चालत गेलो. बोलताना हात तसाच धरून दाखवला. भाजी आणि उजेड सोडले, तर त्या सबंध कबुलीतलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं. सगळं तलावपाळीवर मी भरवलेलं होतं, घास घास करून.

मी उठले. "थांबा! हे यांना आठवत नव्हतं. ही किल्ली माझ्या प्रश्नातून आली आहे. काल मीच यांना..."

"मॅडम," सामंत गोड हसले, "माणूस स्वतः सांगतोय. आता अजून काय पुरावा हवा?"

"अहो, पण माझा अख्खा विषयच हा आहे!"

"हो ना, म्हणूनच. तुम्ही बोललात काकांशी, म्हणून ते मोकळे झाले. थँक यू हं."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी! करकर आवाजवाली बाई पुढं आली आणि भावोजींच्या पाया पडली. "काका, किती मोठं मन!" सामंतांनी मिठी मारली. ग्रुपवर "विषय संपला" असा मेसेज पडला आणि खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. ताई रडत होती, पण सुटल्यासारखी. एवढे दिवस घरात चहा पिऊन जाणाऱ्यांपैकी एकही भावोजींशी नीट बोलला नव्हता. आता जो तो त्यांच्या ताटलीत वडा वाढत होता.

सोमवारी सकाळी मी बॅग घेऊन खाली उतरले. भावोजी मला कल्याणला सोडायला येणार होते, ते पुढं रिक्षा बघायला गेलेले. फाटकाशी सामंतांची मुलगी गौरी उभी होती, घोडबंदर रोडला राहते ती. वडिलांवर चिडली होती. "अहो बाबा, काय यार तुम्ही! तो स्क्रॅच माझ्याकडून झालाय. आमच्या पार्किंगचा खांब घासला. मी गाडी गुपचूप आणून लावलेली, तुम्ही ओरडाल म्हणून. आणि तुम्ही अनंतकाकांना धरलंत?"

सामंत जरा वेळ ओरखड्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "चला, जे झालं ते चांगलंच झालं. काकांचा मोठेपणा तरी दिसला सगळ्यांना. आता ग्रुपवर परत नको काढायला."

मी त्यांना जे म्हणाले ते छापता येणार नाही. सांगलीचं आहे, एवढं पुरे.

कल्याण

गाडीला वेळ होता. स्टेशनवर एका बाकावर बसून मी भावोजींना सगळं सांगितलं. गौरी, खांब, गुपचूप आणून लावलेली गाडी. मला वाटलं, उडी मारतील. ते शांतपणे ऐकत होते. मग हसले.

"चांगली पोरगी आहे," म्हणाले. "म्हाताऱ्याला वाचवायला स्वतःवर घेतलं तिनं."

"भावोजी, ती खरं सांगत होती!"

"तूच नाही का वाचून दाखवलंस? लोक न केलेलं कबूल करतात म्हणून."

मी कपाळाला हात लावला. "अहो, तिनं नाही, तुम्ही केलंत तसं. ती किल्ली तुमच्या हातात नव्हती. मी विचारलं म्हणून आली. तुम्ही फक्त भाजी घेऊन उभे होता, दमला असाल म्हणून थांबला असाल. तुम्ही काहीही केलेलं नाही. समजतंय का?"

त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं. बोटं मिटली, अंगठा पुढं आणला, परत सोडली. आणि तोच गुरुवारचा चेहरा मला पुन्हा दिसला.

"पण मला दिसतंय ते," ते म्हणाले. "आत्ता, या क्षणी दिसतंय. ते झालंच नसेल, तर मग हे काय आहे, वसुधा? दादालाही असंच दिसायचं. नसलेलं."

गाडीची घोषणा झाली. लोक उठले. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाहीत असे. मला उत्तर ठाऊक होतं. आठवण म्हणजे काय, ती कशी रचली जाते, धडधाकट माणसालाही नसलेलं कसं लख्ख दिसतं, सगळं मी वर्गात तासभर बोलू शकते. त्यातलं काय सांगितलं असतं तर त्यांना रात्री झोप लागली असती?

"गौरी खोटं बोलत असेल," मी म्हणाले. "तुमचंच बरोबर आहे, भावोजी. तुम्हीच केलंत."

त्यांचा चेहरा असा काही खुलला! बॅग माझ्या हातातून ओढून घेतली आणि डब्याकडं चालायला लागले.

"मी सुमनला तेच सांगत होतो," ते म्हणाले. "काय वाटेल ते म्हण, पण माझं डोकं अजून शाबूत आहे."